आधी जमिनीवर, मग आकाशात

२३ ऑगस्ट २०२३ ची सायंकाळ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. चांद्रयान-३ चे 'विक्रम' अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले आणि देशभरातील शाळांच्या सभागृहांत टाळ्यांचा गजर झाला. त्याआधी ४० दिवस, १४ जुलै रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी, ते यान श्रीहरिकोट्याहून एका प्रचंड प्रक्षेपकावर बसून निघाले होते. एलव्हीएम-३ हा तो प्रक्षेपक, भारताचा सर्वांत बलवान अग्निबाण. त्याच्या उड्डाणाची काही मिनिटे सर्वांनी पाहिली. परंतु त्या मिनिटांमागे जी अनेक वर्षे उभी होती, ती कोणत्याही पडद्यावर दिसली नाहीत. त्या वर्षांत हाच अग्निबाण तुकड्या-तुकड्यांनी जमिनीला घट्ट बांधून पुनःपुन्हा पेटविला जात होता.

शाळेत 'घटक चाचणी' हा शब्द आपण रोज वापरतो. प्रक्षेपकाच्या निर्मितीतही हाच क्रम असतो. आधी एकेका घटकाची चाचणी, मग पूर्ण टप्प्याची चाचणी आणि शेवटी उड्डाण. या चाचण्यांचा इतिहास आपल्याला एक महत्त्वाचा धडा देतो. त्यातील काही पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत, म्हणूनही हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

ओझे उचलण्याचे गणित

एलव्हीएम-३ ची उंची सुमारे ४३.५ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ६४० टन असते. त्याच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाच्या दोन मोटारी असतात. त्यांना एस-२०० म्हणतात आणि प्रत्येकीत सुमारे २०५ टन इंधन भरलेले असते. मधल्या गाभ्यात सुमारे ११५ टन द्रव इंधन असते. सर्वांत वरच्या टप्प्यात सुमारे २८ टन अतिशीत द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन असतो. बेरीज केली तर ६४० टनांपैकी सुमारे ५५३ टन केवळ इंधनच भरते. चांद्रयान-३ चे वजन मात्र सुमारे ३.९ टन होते. म्हणजे शंभर किलोंच्या गाठोड्यात कामाचा ऐवज जेमतेम सहाशे ग्रॅम.

हे गणित निर्दयी आहे. बैलगाडीचे जू थोडे जाड केले तर गाडी अडत नाही. अग्निबाणात मात्र अनावश्यक जाडीचा प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून वजा होतो. म्हणून प्रत्येक भाग शक्य तितका पातळ आणि हलका ठेवावा लागतो, आणि त्याच भागाला प्रचंड दाब, उष्णता व कंप सोसावे लागतात. सुरक्षिततेसाठी दुप्पट जाडी देण्याची सोय येथे नाही. मग भरवसा कशाने मिळणार? तो चाचणीनेच मिळतो.

आपल्या बागलाणातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. डाळिंबाच्या बागेत नवे ठिबक बसविले की तो रोपांच्या भरवशावर राहत नाही. आधी पाणी सोडतो, एकेका नळीजवळ वाकून कोठे गळते, कोठे तुंबते ते पाहतो. एखादी नळी तुंबलेली राहिली तर त्याची खबर वाळलेले झाड देते आणि तोवर उशीर झालेला असतो.

घन इंधन : एकदा पेटले की थांबणे नाही

डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवून तेथेच ते काम करीत होते. डॉ. विक्रम साराभाई यांच्या हाकेला प्रतिसाद देऊन १९६७ साली ते भारतात परतले आणि केरळमधील थुंबा येथे रुजू झाले. समुद्रकाठच्या त्या मासेमारांच्या गावात तेव्हा लहान अग्निबाण सोडले जात. भारताच्या घन इंधनाच्या विकासाचे नेतृत्व गोवारीकरांनी केले. पुढे १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.

घन इंधन म्हणजे दिवाळीतल्या बाणातील दारूचे अतिशय शिस्तबद्ध रूप समजावे. अमोनियम परक्लोरेट ऑक्सिजन पुरविते, ॲल्युमिनियमची भुकटी उष्णता वाढविते आणि रबरासारखा एक चिकट पदार्थ या दोहोंना बांधून ठेवतो. ही सामग्री कणकेसारखी मळून मोटारीच्या कवचात ओततात व सावकाश घट्ट होऊ देतात. आत एखादा बुडबुडा किंवा भेग राहिली तर तेथे जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, वायूचा दाब चढतो आणि कवच फुटू शकते. घन इंधनाला तोटी नसते. एकदा पेटले की ते संपेपर्यंत जळत राहते. म्हणून पेटविण्यापूर्वी क्ष-किरणांनी त्याच्या पोटात डोकावून पाहावे लागते.

ज्या कवचात हे इंधन ओततात, त्याचा धागा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याशी जुळलेला आहे. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणारे गाव म्हणून वालचंदनगर महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच गावातील कारखान्यात सत्तरच्या दशकापासून प्रक्षेपकांचे भाग तयार होत आले आणि घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचेही तेथे घडली. त्यासाठी मॅरेजिंग नावाचे अतिशय बळकट पोलाद वापरतात. त्याची वर्तुळे वाकवून, जोडून, तापवून कवच तयार होते. इंधन भरण्यापूर्वी कवचात पाणी भरून त्याचा दाब वाढवितात. पाणीच का, हवा का नाही? हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी ऊर्जा साठविते आणि कवच फाटले तर स्फोट होतो. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे भेग पडलीच तर दाब क्षणात उतरतो. चाचणी कशी घ्यावी यालाही विचार लागतो, तो असा.

भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ हा चारही टप्प्यांत घन इंधनावर चालत असे. त्याचे वजन केवळ १७ टन होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि ते फसले. दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतील आम्ल गळून गेले होते. प्रकल्प संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा सांगितले, की त्या दिवशी पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी स्वतः घेतली. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, उड्डाण यशस्वी झाले तेव्हा बोलण्यासाठी त्यांनी कलामांना पुढे केले. ज्या संस्थेत अपयशाचे खापर धाकट्यांवर फुटत नाही, तेथे धाकटी माणसे दोष लपवीत नाहीत. चाचणीची पहिली अट हीच आहे.

एसएलव्ही-३ च्या १७ टनांपासून एस-२०० पर्यंतची चढण याच रीतीने पार झाली. २४ जानेवारी २०१० रोजी श्रीहरिकोटा येथे पहिली एस-२०० मोटार आडवी निजवून, पक्क्या चौथऱ्याला जखडून पेटविण्यात आली. ती सुमारे १३० सेकंद जळली आणि तिचा रेटा सुमारे ५०० टनांपर्यंत चढला. दाब, तापमान, कंप, ताण अशी सुमारे ६०० मापे त्या वेळी टिपली गेली. मोटार जागची हलली नाही, पण तिने सांगायचे ते सर्व सांगितले. अशीच दुसरी चाचणी ४ सप्टेंबर २०११ रोजी झाली.

द्रव इंधन : विकास आणि विक्रोळी

मधल्या गाभ्यात दोन 'विकास' इंजिने असतात. १९७४ साली फ्रान्सशी झालेल्या करारातून या इंजिनाचे ज्ञान भारताला मिळाले. त्यासाठी मोठी रक्कम न देता आपले अभियंते फ्रान्समध्ये 'व्हायकिंग' इंजिनाच्या कामात सहभागी झाले आणि श्रमाच्या बदल्यात विद्या घेऊन आले. १९८५ मध्ये भारतात बनविलेल्या इंजिनाची पहिली चाचणी फ्रान्समधील व्हर्नों येथे घेतली गेली. त्या वेळी आपल्याकडे एवढ्या मोठ्या इंजिनासाठी चाचणीस्थळच तयार नव्हते. पुढे तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे ते उभे राहिले. इंजिन बनविणे आणि इंजिन तपासणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत, आणि दुसरीवाचून पहिली अपुरी राहते, हे यावरून कळते.

विकास इंजिनातील दोन द्रव परस्परांना भेटताच आपोआप पेटतात. त्यांना प्रचंड वेगाने ज्वलनकक्षात ढकलण्याचे काम टर्बोपंप करतो. विहिरीवरच्या मोटारीचेच हे भावंड, पण त्याचे चक्र मिनिटाला हजारो फेरे घेते. मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात ही विकास इंजिने अनेक वर्षांपासून तयार होत आली आहेत. क्रायोजेनिक इंजिनांच्या निर्मितीतही त्या कारखान्याचा वाटा आहे. ज्या नावाची कपाटे घराघरांत आहेत, त्याच नावाच्या कारखान्यातील कुशल कामगारांनी जोडलेली इंजिने चांद्रयानाला घेऊन गेली. वेल्डिंग, कातकाम, फिटिंग ही कामे शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सुरेख आकृतीलाही अचूक हात भेटला नाही, तर ती कागदावरच राहते.

दोन महाकाय, दोन रीती

हाच प्रश्न अर्धशतकापूर्वी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यापुढेही होता. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी दोघांनीही अतिप्रचंड अग्निबाण बांधले.

अमेरिकेच्या सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिने होती. एकेकाचा रेटा सुमारे ६८० टन. आरंभी या इंजिनात एक विचित्र दोष दिसू लागला. ज्वलनकक्षातील ज्वाळा एकसारखी न जळता भयंकर वेगाने हेलकावे घेई आणि क्षणार्धात इंजिनाच्या चिंधड्या उडत. हा दोष केव्हा उद्भवेल याचा नेम नव्हता. तेव्हा अभियंत्यांनी दोषाची वाट पाहणे सोडून दिले आणि त्याला मुद्दाम बोलावले. चालू इंजिनाच्या पोटात त्यांनी लहानसे स्फोटक उडवून ज्वाळा विस्कटविली आणि ती पुन्हा किती वेळात स्थिर होते ते मोजले. इंधन फवारणाऱ्या चकतीवर धातूच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून त्यांची रचना बदलत ते पुनःपुन्हा चाचण्या घेत राहिले. अखेर विस्कटलेली ज्वाळा सेकंदाच्या दहाव्या भागात आपोआप सावरू लागली. १९६७ ते १९७३ या काळात सॅटर्न-५ ची १३ उड्डाणे झाली. त्यांतील ६५ एफ-१ इंजिनांपैकी एकही उड्डाणात निकामी झाले नाही.

सोव्हिएत संघाच्या एन-१ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती. तेथील अभियंते बुद्धीने कमी नव्हते. परंतु वेळ आणि पैसा अपुरा होता. इंजिनांच्या प्रत्येक तुकडीतील काहींची चाचणी घेत आणि उरलेली तशीच बसवीत. तीसही इंजिने एकत्र पेटवून पाहता येतील असे चाचणीस्थळ त्यांनी बांधलेच नाही. परिणामी एकत्रित चाचणी थेट उड्डाणातच झाली. १९६९ ते १९७२ दरम्यान चार उड्डाणे झाली आणि चारही पहिल्या टप्प्याचे काम पुरे होण्याआधीच फसली. ३ जुलै १९६९ रोजी तर अग्निबाण प्रक्षेपण मंचावरच कोसळला आणि मंच उद्ध्वस्त झाला. १९७४ मध्ये तो प्रकल्प थांबविण्यात आला. चाचणीस्थळाचा वाचविलेला खर्च असा कितीतरी पटींनी वसूल झाला.

जमिनीवर उत्तीर्ण, आकाशात अनुत्तीर्ण

चाचणी घेतली की काम संपले, असे मात्र नाही. हा पुढचा धडा आपल्या क्रायोजेनिक इंजिनाने शिकविला.

द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावा लागतो. या जोडीतून मिळणारे बळ मोठे, पण हाताळणी अत्यंत अवघड. १९९१ मध्ये या तंत्रज्ञानासाठी रशियाशी करार झाला. अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे थांबविले. तयार इंजिने मिळाली, विद्या मिळाली नाही. ती आपली आपण मिळवावी लागली.

१५ नोव्हेंबर २००७ रोजी महेंद्रगिरी येथे भारतीय क्रायोजेनिक टप्पा उड्डाणात लागतो तितका वेळ, म्हणजे ७२० सेकंद, यशस्वीपणे चालला. तरीही १५ एप्रिल २०१० रोजी जीएसएलव्ही-डी३ च्या उड्डाणात तो अपयशी ठरला. इंजिन पेटले, पण हायड्रोजन पुढे ढकलणारा लहान पंप वेग घेऊन एक-दीड सेकंदात बंद पडला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला जीएसएलव्हीचे आणखी एक उड्डाण वेगळ्या कारणाने फसले.

उत्तीर्ण झालेले इंजिन अनुत्तीर्ण का झाले? अभियंत्यांनी आपल्या चाचण्यांचीच फेरतपासणी केली. इतक्या थंडीत धातू आकसतो, मग फिरत्या भागांतील फट किती ठेवली आहे? वर निर्वात पोकळी असते, मग जमिनीवर हवेत पेटवून पाहिलेल्या इंजिनाबद्दल किती सांगता येते? पंपाची रचना सुधारण्यात आली. २०१३ च्या मार्च महिन्यात महेंद्रगिरी येथे कृत्रिम पोकळी निर्माण करून तीत इंजिन पेटवून पाहण्यात आले. प्रश्नपत्रिका सोपी काढली तर गुण भरपूर मिळतात, पण त्या गुणांवर जगाच्या परीक्षेत भिस्त ठेवता येत नाही. चाचणी खऱ्या परिस्थितीसारखीच असावी लागते.

थांबण्याचे धैर्य

१९ ऑगस्ट २०१३. तीन वर्षांच्या मेहनतीनंतर जीएसएलव्ही-डी५ मंचावर उभा होता. देश वाट पाहत होता. उड्डाणाला ७४ मिनिटे उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत असल्याचे दिसले. आधीची दोन अपयशे, लोकांच्या अपेक्षा, उलटे सरकणारे घड्याळ या सर्वांचा दाब असूनही उड्डाण रद्द करण्यात आले. अग्निबाण मंचावरून मागे नेला. टाकीच्या मिश्रधातूला तडा गेल्याचे आढळले. टाकी दुसऱ्या, अधिक योग्य मिश्रधातूची केली गेली. ५ जानेवारी २०१४ रोजी तोच प्रक्षेपक भारतीय क्रायोजेनिक इंजिनासह उडाला आणि त्याने १,९८२ किलोचा उपग्रह कक्षेत पोहोचविला. भारत हे तंत्रज्ञान आत्मसात करणारा जगातील सहावा मानकरी ठरला.

एलव्हीएम-३ च्या वेळी हे सर्व धडे हाताशी होते. १८ डिसेंबर २०१४ च्या पहिल्या प्रायोगिक उड्डाणात खालचे दोन टप्पे खरे होते, वरचा क्रायोजेनिक टप्पा मात्र न पेटणारा ठेवला होता. सर्व काही एकदम पणाला लावायचे नाही, एका वेळी एकाच गोष्टीची परीक्षा पाहायची, ही त्यामागची भूमिका. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी नवा क्रायोजेनिक टप्पा जमिनीवर ६४० सेकंद चालला आणि ५ जून २०१७ रोजी ३,१३६ किलोचा जीसॅट-१९ घेऊन एलव्हीएम-३ पहिल्याच पूर्ण उड्डाणात यशस्वी झाला. सहा वर्षांनी त्याच प्रक्षेपकावर आपण चांद्रयान सोपविले.

आपल्यासाठी

प्रत्येक वर्गात अशी मुले असतात, जी घटक चाचणीत कमी गुण पडले की उत्तरपत्रिका वहीत दडपून ठेवतात आणि घरी दाखवीत नाहीत. ज्या घरांतून पहिलीच पिढी शाळेत आलेली असते, तेथे हे अधिक घडते. आईवडिलांनी कांद्याच्या शेतात राबून आपल्याला वसतिगृहात ठेवले आहे, त्यांना हे गुण कसे दाखवावेत, या विचाराने मूल गप्प बसते. त्या मुलाला एफ-१ इंजिनाची गोष्ट सांगावी. घटक चाचणी ही दोष दिसावा म्हणूनच घेतली जाते. तेथे चुकलेला अपूर्णांक सुधारता येतो. तोच दोष दडवून ठेवला, तर तो वार्षिक परीक्षेत किंवा आयुष्याच्या मंचावर पेट घेतो. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनीही प्रा. धवन यांची रीत ध्यानात ठेवावी. मूल चूक घेऊन आपल्याकडे येते, तेव्हा पहिला शब्द रागाचा असेल तर दुसऱ्यांदा ते येणार नाही.

शेवटी एक छोटा प्रयोग. मुलांनी तो पालकांबरोबर अंगणात किंवा वसतिगृहाच्या व्हरांड्यात करून पाहावा. पाच मीटर गुळगुळीत दोरा शीतपेयाच्या नळीतून ओवून दोन खांबांना ताणून बांधावा. फुगा फुगवून तोंड बोटांनी धरावे, चिकटपट्टीने नळीला लावावा आणि सोडावा. तो किती अंतर गेला ते मोजावे. मग फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून तो कमी-अधिक करावा, आणि त्यानंतर नळीला एक एक कागदी टाचणी अडकवून ओझे वाढवावे. तीन नियम पाळावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक माप तीनदा घ्यायचे. फुगा मध्येच अडकला, फुटला, उलटा गेला तरी ते वहीत तितक्याच स्वच्छ अक्षरांत लिहायचे.

आमच्या अनुभवात या वहीतील सर्वांत मोलाच्या ओळी त्या तिसऱ्या नियमाच्या असतात. महेंद्रगिरीच्या नोंदवह्यांतही त्या तशाच असणार.